साहेबांनी न निवडलेली गच्ची

१

सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या टेबलावर सावली पडली.

जुलैचा पहिला शुक्रवार होता. हिगाशिया स्टोअरच्या नवव्या मजल्यावरच्या गच्चीत आम्ही चौघं बसलो होतो. बिअरचे पहिले पेले निम्मे झाले होते, उकडलेल्या सोयाच्या शेंगांची टरफलं बशीत साठत होती आणि ओसाकाच्या त्या चिकट हवेत आत्ता कुठे वारं सुटलं होतं. सूर्य मावळायला तासभर तरी अवकाश होता. तरीही कुणी दिवा मालवावा तसं ऊन गेलं.

"बरं झालं," सेगावा म्हणाला. "डोळ्यांवर येत होतं."

तोकिकोसान खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या आणि पश्चिमेकडे पाहू लागल्या. तिकडे चाळीसएक मजल्यांची राहत्या घरांची इमारत उभी होती. गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत होते. सूर्य तिच्या मागे गेला होता आणि आता पुढे येणार नव्हता.

"हिराओ, ते कार्ड दे जरा."

मी खिशातून कार्ड काढून दिलं. सोमवारीच आम्ही ते मोहोरबंद पाकिटातून काढलं होतं. कुवाजिमासाहेबांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या.

'हिगाशिया, नववा मजला, गच्ची. पश्चिम मोकळी, सूर्य बुडेपर्यंत बसता येतं.'

तोकिकोसाननी दोनदा वाचलं. मग तळलेल्या कोंबडीची बशी घेऊन आलेल्या मुलीला विचारलं, "बाळ, ती समोरची इमारत कधी झाली गं?"

"दोन वर्षं झाली की. आधी आमच्याकडे सूर्यास्त बघायला रांग लागायची म्हणे. मी नव्हते तेव्हा."

मुलगी गेली. तोकिकोसाननी कार्ड पेल्याला टेकवून उभं केलं.

"साहेब गेले नऊ जूनला. त्याआधी मे महिन्यात ते एकेक गच्ची स्वतः चढून बघून आले. दरवर्षी बघायचे. एवढी मोठी इमारत त्यांना दिसली नसेल?"

सेगावाने बशीतली आणखी एक शेंग उचलली.

"ही गच्ची साहेबांनी निवडलेली नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याला इथे कुणीतरी आणून बसवलंय. आणि तो कुणीतरी याच टेबलावर बसलाय."

२

आम्ही सगळे मात्सुकावा डिपार्टमेंट स्टोअरचे. ते स्टोअर आता नाही, त्या जागी हॉटेल आहे. मी जाहिरात विभागात होतो. गच्चीवरून खाली सोडायचे ते लांबच लांब कापडी फलक मी रंगवायचो. सुमिएसान चौथ्या मजल्यावर किमोनो विकायच्या. सेगावा तळघरात मिठाईच्या काउंटरवर होता. कुवाजिमासाहेब खाद्य विभागाचे प्रमुख. आणि तोकिकोसान लिफ्टमध्ये.

तेवीस वर्षं त्यांनी पांढरे हातमोजे घालून, गिऱ्हाइकांकडे पाठ करून लिफ्ट चालवली. त्या म्हणायच्या, "पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, ही बाई काही बघत नाही. मग तो खरं बोलतो." कोणत्या मजल्यावर कुणाचं कुणाशी बिनसलंय हे मालकाच्या आधी त्यांना कळायचं. एकदा दागिन्यांच्या विभागातून मोत्यांची माळ गेली तेव्हा पोलीस यायच्या आत त्यांनी चोर सांगितला होता. तो खाली जाताना लिफ्टमध्ये श्वास रोखून उभा होता, एवढ्यावरून.

मात्सुकावाची गच्ची काय होती, ते मी आज कुणाला सांगून पटणार नाही. एका कोपऱ्यात नाणं टाकलं की झुलणारा हत्ती, दुसऱ्या कोपऱ्यात कोल्हादेवाचं लाल रंगाचं छोटं देऊळ, मध्ये सोनमाशांची टाकी. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत संध्याकाळी बिअर गार्डन. कागदी कंदील लागायचे, हवाईयन बँड यायचा, त्यातला एकही जण हवाईचा नसायचा. ड्यूटी संपली की आम्ही मागच्या जिन्याने वर जायचो. शर्टाच्या बाह्या सारलेल्या, पायांतून कळा येत असायच्या, आणि पहिला घोट घशाखाली गेला की दिवसभरात ज्या ज्या गिऱ्हाइकापुढे वाकलो, ती सगळी माफ असायची. तेव्हा आम्ही सहा जण होतो. सेगावाच्या शेजारच्या काउंटरवर ओकुदा नावाचा एक होता, तो पेला एका दमात संपवून टेबलावर पालथा घालायचा. अठ्ठ्याण्णव साली माणसं कमी केली तेव्हा तो गेला, आणि पुन्हा दिसला नाही.

स्टोअर बंद झाल्यावर साहेबांनीच प्रथा पाडली. वर्षातून एकदा, जुलैच्या पहिल्या शुक्रवारी, शहरातली एक गच्ची. निवडायचे तेच. मे महिन्यात एकटे हिंडायचे, प्रत्येक ठिकाणी एकच पेला घ्यायचे. वारा कुठून येतो, पश्चिमेला काय आहे, खुर्चीला पाठ आहे का, हाक मारली तर पोरं ऐकतात का, सगळं बघायचे. मग कार्डावर नाव लिहून पाकिटात घालायचे, पाकिटावर आपली लाल मोहोर उमटवायचे आणि आमच्यापैकी एकाकडे सांभाळायला द्यायचे. एक जुलैला सगळ्यांसमोर उघडायचं. त्याआधी कुणी विचारायचं नाही.

यंदा पाकीट सुमिएसानकडे होतं. साहेब गेल्यावर त्या ते साहेबांच्याच घरी घेऊन गेल्या आणि देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोशेजारी ठेवलं. तिथूनच सोमवारी आणलं होतं.

हिगाशियाच्या गच्चीवरून उतरताना तोकिकोसान माझ्याबरोबर लिफ्टमध्ये होत्या.

"मला मदत करशील?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे माझ्यावर संशय नाही."

"आहे की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर डोळ्यांसमोर हवायस."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आधी सेगावाकडे गेलो. तो बायको गेल्यापासून एकटाच राहतो. गॅलरीत टोमॅटोची रोपं लावलीत, त्यांच्याशी बोलतो. आम्हाला बघून त्याने कपाळाला हात लावला.

"आलात? मला वाटलंच. तोकिकोसान, तुम्हाला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी माणसांना वरखाली करायची खोड जात नाही."

"बस तू. चहा नको. पाकिटाबद्दल तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! साहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. छातीत दुखत होतं. मे महिन्यात हिंडले नसतील, जुनी आठवण लिहून मोकळे झाले असतील. त्यात एवढं काय?"

"ते हिंडले होते. मला स्वतः सांगत होते, यंदा सात गच्च्या झाल्या."

"मग त्या दिवशी ढग असतील." त्याने एक टोमॅटो उगाचच पुसला. "आणि खरं सांगा, हिगाशियाला वाईट काय आहे? लिफ्ट थेट दारात जाते. खुर्च्यांना पाठ आहे. माझ्या गुडघ्यांना तीच बरी. नाहीतर साहेबांचा काय नेम, कुठल्या तरी पडक्या इमारतीचे चार जिने चढायला लावले असते आपल्याला."

"तुझे गुडघे आणि तुझं तोंड, दोन्ही एका वेळी बंद पडलं तर बरं," मी म्हणालो.

सेगावा हसला. तोकिकोसान हसल्या नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, "साहेबांना दवाखान्यात भेटलास?"

"एकदा. जूनच्या सुरुवातीला."

"काय म्हणाले?"

"हवापाण्याचं बोललो," सेगावा म्हणाला आणि रोपांना पाणी घालायला वळला. मला आठवतंय, कुंड्या आधीच ओल्या होत्या.

सुमिएसानच्या घरी मात्र आम्हाला गार झालेलं कलिंगड मिळालं. त्या साहेबांपेक्षा चार वर्षांनी लहान, पण अजून किमोनोचा पट्टा दुसऱ्याच्या मदतीशिवाय बांधतात. त्यांनी आम्हाला बसवलं आणि स्वतःहूनच विषय काढला.

"तुम्हाला वाटणार मीच केलं. पाकीट माझ्याकडे होतं. आणि हिगाशियाला चला, सूर्यास्त बघू, असं दरवर्षी मीच साहेबांच्या मागे लागायचे."

"लागायचात खऱ्या," तोकिकोसान म्हणाल्या.

"मग घ्या." त्यांनी कपाटातून एक जाड वही काढून आमच्यापुढे ठेवली. प्रत्येक वर्षीचं कार्ड त्यात चिकटवलेलं होतं, खाली तारीख. आम्ही पानं उलटत गेलो. टेननोजीची गच्ची, जिथे वादळाने छत्री उडून सेगावाच्या डोक्यात बसली. नांबाची, जिथे साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं गाणं म्हटलं. उमेदाची, जिथे माझी बायको शेवटची आमच्याबरोबर आली होती, ती सगळ्यांना पंख्याने वारा घालत होती. मी ते पान जरा जास्त वेळ धरून ठेवलं असेन. तोकिकोसान थांबल्या.

मग त्यांनी गेल्या वर्षीचं कार्ड आणि आमच्या हातातलं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

गेल्या वर्षीच्या कार्डावर अक्षरं थरथरत होती. साहेबांचा हात दोन वर्षांपासून कापायला लागला होता, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. आणि हे यंदाचं म्हणवणारं कार्ड. एकेक रेघ सरळ, ठाम.

"अक्षर त्यांचंच आहे," सुमिएसान हळूच म्हणाल्या. "पण हे फार आधीचं आहे."

"वहीत एखादं वर्ष नाही का?"

"एकच. कोरोनाचा पहिला उन्हाळा. तेव्हा सगळ्या गच्च्या बंद होत्या. आपण भेटलोच नाही. साहेबांनी मात्र मला फोनवर सांगितलं होतं, कार्ड मी लिहिलंय, जिथे जायला हवं होतं ते लिहिलंय, पाकीट पोचतं केलंय."

"कुणाकडे?"

"ते विचारायचं नाही, हा नियमच होता की." सुमिएसाननी वही मिटली. "माझ्याकडे नव्हतं, एवढं सांगते."

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे आत जुनं कार्ड घातलं असं नाही. अख्खं पाकीटच बदललं. न उघडलेलं, मोहोर शाबूत असलेलं."

"आणि ज्याच्याकडे ते चार वर्षं पडून होतं, त्याने बदललं," तोकिकोसान म्हणाल्या. "हिराओ, तुझ्याकडे आलं होतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे चालत राहिल्या, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या पाठीमागे उभं राहून खरं बोलणं किती अवघड जातं.

४

साहेबांच्या घरी मोतोएवहिनींनी जवाचा गार चहा आणला. देव्हाऱ्यातल्या फोटोत साहेब नेहमीसारखेच जरा वैतागलेले दिसत होते. आम्ही उदबत्ती लावली.

"मला त्या गच्च्यांचा रागच यायचा," वहिनी म्हणाल्या. "मे महिना आला की हा माणूस घरात नाही. पण आता संध्याकाळी पाच वाजले की दाराकडे कान जातो."

"वहिनी, पाकीट इथे असताना कोण कोण येऊन गेलं?"

"सुमिएसान वीस तारखेला ठेवून गेल्या. बावीसला तुम्ही दोघं एकत्र आलात. सत्तावीसला सेगावासान. बाकी माझी बहीण, पण ती पलंगावरून उठत नाही म्हणून मीच तिच्याकडे जाते. बस, एवढेच."

"आम्ही दोघं आलो तेव्हा तुम्ही इथेच बसून होतात."

"हो. तुम्ही गप्पा मारत बसलात, मी हललेच नाही. सेगावासान आले तेव्हा मी चहा आणायला आत गेले होते. जरा वेळ लागला, बर्फ संपला होता. आले तर ते रडत होते. मला बरं वाटलं. साहेबांसाठी इतकं रडणारं कुणी आहे म्हणून."

तोकिकोसाननी कप खाली ठेवला.

"शेवटच्या दिवसांत साहेब काही वेगळं बोलले? यंदाच्या गच्च्यांबद्दल?"

वहिनी विचार करत राहिल्या. बाहेर रातकिड्यांसारखे नव्हे, भर दुपारचे ते कर्कश किडे झाडावर ओरडत होते, उन्हाळाभर ओरडतात तसे.

"मेच्या शेवटी एका संध्याकाळी पोटऱ्या दाबत आले. म्हणाले, मोतोए, आज चार जिने चढलो. मी रागावले, छातीचं दुखणं असताना असं कुणी करतं का? लिफ्टने नाही का जायचं? तर म्हणाले, लिफ्ट नाही तिथे. मग बसले ते बसलेच. चेहरा कसा होता सांगू? लहान मुलाने काहीतरी फोडलं असावं आणि ते आईला सांगून टाकल्यावर दिसतं ना, तसा. त्याच रात्री त्यांनी कार्ड लिहिलं. हात इतका कापत होता की तीन कार्डं वाया गेली."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चार जिने. लिफ्ट नाही. हे शब्द मी सकाळीच कुठेतरी ऐकले होते.

बाहेर पडल्यावर तोकिकोसाननी मान हलवली.

"लिफ्टमध्ये तेवीस वर्षं काढली मी," त्या म्हणाल्या. "चार जिने कुणी सहज म्हणून बोलत नाही. सेगावाने ती जागा पाहिली नसेल, पण त्याला सांगितली होती. दवाखान्यात साहेबांनी त्याला हवापाणी नाही सांगितलं."

"पण त्याने का करावं? गुडघ्यांसाठी?"

"गुडघ्यांसाठी माणूस चार दिवस कुरकुर करतो. मेलेल्या मित्राच्या देव्हाऱ्यातून पाकीट उचलत नाही."

५

सेगावा रोज सकाळी योदो नदीच्या बंधाऱ्यावर जाऊन बसतो. तिथे म्हाताऱ्यांचे बेसबॉलचे सामने चालतात. रविवारी सकाळी आम्ही तिघं, मी, तोकिकोसान आणि सुमिएसान, त्याच्याच बाकावर जाऊन बसलो. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मैदानाकडे.

"निळ्या टोपीवाले हरतायत," तो म्हणाला.

"सेगावा," तोकिकोसान म्हणाल्या, "चार जिने असलेली ती इमारत कुठे आहे?"

मैदानावर कुणीतरी धावलं, कुणीतरी ओरडलं. सेगावाचे खांदे खाली आले.

"कुठून कळलं?"

"तूच सांगितलंस. काल, टोमॅटो पुसताना."

तो हसल्यासारखं करायला गेला, ते जमलं नाही. मग त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. मोहोर शाबूत होती. कडा घामाने मऊ झाल्या होत्या.

"जाळून टाकायचं होतं. दोनदा गॅसपर्यंत नेलं. वर त्यांचं नाव आहे ना लाल. नाही जमलं."

"उघडलं नाहीस?" सुमिएसाननी विचारलं.

"उघडायला कशाला हवं? मला माहीत होतं आत काय आहे. दवाखान्यात साहेबांनी माझा हात धरला. म्हणाले, सेगावा, यंदा ओकुदाच्या गच्चीवर जायचंय."

सुमिएसानच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ओकुदाचं नाव आमच्यात पंचवीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

"अठ्ठ्याण्णव साली मिठाईच्या काउंटरवरून एक जण कमी करायचा होता," सेगावा म्हणाला. तो आमच्याशी नाही, मैदानाशी बोलत होता. "तो किंवा मी. तो माझ्यापेक्षा चांगला विकायचा, सगळ्यांना माहीत होतं. माझी बायको तेव्हा आजारी होती. मी साहेबांकडे गेलो. रडलो नाही, विनवण्या केल्या नाहीत. फक्त एक वाक्य बोललो. म्हटलं, ओकुदाने दुसऱ्या स्टोअरशी बोलणी केलीत, तो नाहीतरी जाणारच आहे. बस. एवढंच."

"खोटं होतं?"

"साफ खोटं. साहेबांनी त्याला विचारलंही नाही. विचारलं तर त्याला लाज वाटेल, असं त्यांना वाटलं. त्याच आठवड्यात कमी केलेल्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं. शेवटच्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि मला म्हणाला, सेगावा, वहिनींची काळजी घे. आणि मी मान हलवली. तोकिकोसान, मी मान हलवली हो."

निळ्या टोपीवाल्यांनी एक धाव काढली.

"मे महिन्यात साहेब फिरत फिरत त्या गच्चीवर पोचले, तर पेले भरणारा ओकुदा. साहेबांनी त्याला विचारलं, तेव्हा कुठल्या स्टोअरशी बोलणं चाललं होतं रे तुझं? तो म्हणाला, कुठल्याच नाही. मग साहेबांना सगळं कळलं. मला दवाखान्यात ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, विचारायला मी हवं होतं, चूक माझी. तू फक्त चल माझ्याबरोबर." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यांच्याबरोबर कदाचित गेलो असतो. ते गेले. एकट्याने त्याच्यासमोर कसं उभं राहायचं? घरात ते कोरोनाच्या सालचं पाकीट पडलं होतं. म्हटलं, एक वर्ष टळेल. पुढच्या वर्षी आपल्यातलं कोण असेल, कोण नसेल."

तोकिकोसाननी हात पुढे केला. "उघडू?"

सेगावाने पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मोहोर फाटणार नाही अशा बेताने कडेने उघडलं. कार्डावरची अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी हलत होती.

'कुजो, नोझोए इमारत, गच्ची. लिफ्ट नाही, सावकाश चढा. बिअर ओकुदा ओततो.'

"येत्या शुक्रवारी," सुमिएसान म्हणाल्या. त्यांचा आवाज किमोनो विकताना व्हायचा तसा झाला होता, समोरच्याला नाही म्हणता यायचं नाही. "साडेपाच वाजता. खाली दारात."

"मी येणार नाही," सेगावा म्हणाला.

"तुला कुणी ओढत नेणार नाही," तोकिकोसान उठत म्हणाल्या. "पण कार्डावर जी गच्ची असेल तिथे आपण जातो. नियम साहेबांचा आहे."

६

शुक्रवारी साडेपाचला आम्ही तिघं नोझोए इमारतीच्या दारात उभे होतो. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर कुणाकुणाची बिऱ्हाडं. पावणेसहा झाले. सुमिएसान कागदी पंख्याने वारा घेत होत्या. मी म्हणालो, "चला. तो येत नाही."

"पाच मिनिटं," तोकिकोसान म्हणाल्या.

सहाला सेगावा रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसला. काळा कोट घातला होता, या उकाड्यात. हातात मिठाईचा खोका. तो आमच्याजवळ आला आणि थेट जिना चढू लागला. दर मजल्यावर थांबत होता. आम्ही त्याच्या मागे होतो, कुणी त्याला आधार दिला नाही, कारण त्याने कठडा सोडलाच नाही.

वर दहा-बारा टेबलं होती. बांबूचे पडदे, तारेवर टांगलेले पिवळे दिवे, टबात बर्फ आणि काकड्या. शेजारच्या कारखान्यातले लोक, एक म्हातारं जोडपं, दोन नर्स. आणि नळापाशी कमरेला फडकं गुंडाळलेला, पूर्ण टकला झालेला ओकुदा.

त्याने आधी सुमिएसानना ओळखलं, मग मला, मग तोकिकोसानना. "अरे बापरे," तो म्हणाला, "लिफ्टवाल्या बाई जिन्याने आल्या!" मग त्याला आमच्या मागचा माणूस दिसला.

सेगावा पुढे आला. खोका जमिनीवर ठेवला आणि कमरेत वाकला, इतका की कोट डोक्यावर येतोय असं वाटलं.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णव साली."

"माहीत आहे. साहेबांनी मे महिन्यात सांगितलं. तिथे त्या टेबलावर बसून रडले, माझी गिऱ्हाइकं बघत होती." ओकुदाने नळ बंद केला. "उठ आता."

सेगावा उठला नाही.

"हे बघ," ओकुदा म्हणाला. "कुणी चुगली केली, हे मला कळलं नव्हतं, पण केली हे कळत होतं. साहेब माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते ना! दहा वर्षं मी त्या माणसाला काय बोलायचं ते पाठ करायचो. अंघोळ करताना, सायकलवर. बायको म्हणायची, कुणाशी भांडता? मग कधीतरी ते थांबलं. कधी थांबलं तेही सांगता यायचं नाही. माफ केलं वगैरे म्हणणार नाही मी. तेवढा मोठा माणूस नाही. पण आता बोलायला गेलो तर शब्दच आठवत नाहीत."

"तू म्हणशील ते ऐकून घेईन," सेगावा खालूनच म्हणाला.

"म्हणतो ना. उठ. गिऱ्हाइकांच्या वाटेत उभा आहेस."

सेगावा उठला. चेहरा लाल झाला होता, चढल्यामुळे की वाकल्यामुळे कोण जाणे. सुमिएसाननी त्याचा कोट काढून घेतला आणि घडी करून खुर्चीवर ठेवला. ओकुदाने पाच पेले भरले. एक त्याने सेगावाच्या हातात दिला, स्वतः एक घेतला, पण पेल्याला पेला टेकवला नाही.

"वहिनी कशा आहेत?" त्याने विचारलं.

"गेली. सात वर्षं झाली."

ओकुदाने मान खाली घातली. मग त्याने आपला पेला सेगावाच्या पेल्याला टेकवला, आवाज न करता, सुतकाच्या घरी वावरतात तसा हळू.

आम्ही बसलो. खोका उघडला, सेगावाने आणलेले तांदळाचे लाडू होते, आणि ओकुदाने पहिला चावून म्हटलं, "जास्त गोड. तुला कधीच कळायचं नाही." सुमिएसान हसल्या, तोकिकोसान हसल्या, आणि मी पाहिलं तर सेगावाही हसत होता, नाक पुसत. नर्सनी हाक मारली, कारखान्यातल्या लोकांनी हाक मारली. ओकुदा उठला, सहा पेले दोन हातांत धरून गेला, परत आला, पुन्हा उठला.

तिसऱ्या खेपेला तो आमच्या टेबलापाशी थांबला. सेगावाकडे बघत फडक्याला हात पुसत राहिला.

"उद्या काय करतोयस?"

"काही नाही. टोमॅटो."

"शनिवारी गर्दी असते. पेले धुवायला माणूस नाही."

सेगावाने पेला खाली ठेवला. "किती वाजता येऊ?"

"चारला."

"साडेतीनला येतो."

"चार म्हणजे चार," ओकुदा म्हणाला. "साडेतीनला मी झोपलेला असतो."